दोन चर्च, दोन बिशप, एकच गाव: शेजारचे कॅथलिक पॅरिश एकत्र करतात तेव्हा नक्की काय होतं?

नांदेड जिल्ह्यातलं इस्लापूर म्हटलं की बहुतेकांना सहस्रकुंडचा धबधबा आठवतो. पावसाळ्यात पैनगंगा काळ्या कातळावरून खाली कोसळते आणि ते बघायला दोन्ही काठांवर गर्दी होते. अलीकडच्या काठावर उभे असाल तर तुम्ही मराठवाड्यात, पलीकडच्या काठावर असाल तर विदर्भात. पाणी तेच, फोटोही तोच.

पण या इस्लापूरची आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी कुणी सांगत नाही. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्यात या गावाचं नाव छापलेलं आहे. तोपर्यंत इस्लापूर सर्कल हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते किनवट आणि राजुरा तालुक्यांसोबत मुंबई राज्यात आलं. गाव जागचं हललं नाही, शेतं तिथेच राहिली, नदी तिथेच राहिली. बदललं ते एवढंच की सातबारा कुठल्या कचेरीत मिळणार आणि तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचं. आता हे ‘एवढंच’ किती मोठं असतं, ते ज्याने कचेरीच्या चकरा मारल्यात त्यालाच विचारा.

ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं, की कॅथलिक चर्चमध्येही अगदी असंच होतं. तिथेही गावं एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जातात, दोन शेजारच्या हद्दी मोडून एक केली जाते आणि मग लोक विचारतात, आमच्या चर्चचं काय, आमच्या जमिनीचं काय, आमच्या आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद आता कुठे मिळणार? युरोप-अमेरिकेत सध्या हे धडाक्यात चालू आहे आणि तिथल्या बातम्या अधूनमधून आपल्याही टाइमलाइनवर येतात. पण यातलं एक सगळ्यात मोठं आणि सगळ्यात भांडणाचं प्रकरण आपल्या मुंबईत घडून गेलंय. ते सुटायला दोनशे वर्षं लागली.

आधी हे पॅरिश म्हणजे काय ते बघू

वसई-मुंबईकडचे मराठी कॅथलिक ज्याला धर्मग्राम म्हणतात, ते म्हणजे पॅरिश. बाहेरच्या माणसाला वाटतं पॅरिश म्हणजे चर्चची इमारत. तसं नाहीये. चर्चच्या कायद्यात, म्हणजे कॅनन लॉमध्ये, पॅरिश म्हणजे माणसांचा कायमस्वरूपी समुदाय. ठरलेली हद्द, त्या हद्दीत राहणारे सगळे कॅथलिक आणि त्यांची जबाबदारी असलेला एक प्रमुख धर्मगुरू. अशा अनेक धर्मग्रामांचा मिळून एक धर्मप्रांत होतो आणि त्याचा कारभार बिशप बघतात. साधारण तालुका आणि जिल्हा असं डोळ्यांसमोर आणलंत तरी चालेल.

हा समुदाय आणि इमारत यांतला फरक लक्षात ठेवा, कारण पुढची निम्मी भांडणं तो फरक न कळल्यामुळे होतात. दोन पॅरिश एक झाले म्हणजे एक चर्च बंद पडलं असं नाही. एका पॅरिशमध्ये दोन, तीन, चार चर्च असू शकतात. आणि उलटही होतं, पॅरिश कागदावर तसाच राहतो पण फादर दोन पॅरिश मिळून एकच असतात. त्याला एकत्रीकरण म्हणत नाहीत. कायदा सांगतो की एका प्रमुख धर्मगुरूकडे एकच पॅरिश असावा, पण धर्मगुरू कमी असतील तर शेजारचे दोन-तीन पॅरिश एकाच्याच गळ्यात टाकता येतात. तलाठ्याकडे दोन सज्जांचा चार्ज असतो ना, तसं.

आता इस्लापूरच्या भागाचा चर्चचा नकाशा बघा. नांदेड जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १७ डिसेंबर १९७७ ला अमरावती धर्मप्रांतातून वेगळा काढला गेला. त्याआधी अमरावती स्वतः १९५५ मध्ये नागपूरमधून वेगळा निघाला होता. म्हणजे पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात गेलात की अमरावतीच्या बिशपांची हद्द. आणि किनवटकडून तेलंगणात उतरलात तर आदिलाबादचा धर्मप्रांत, जो १९९९ मध्ये झाला आणि जो लॅटिन नाही, सिरो-मलबार आहे. केरळच्या जुन्या परंपरेतला, वेगळ्या उपासनापद्धतीचा, पण मानतो रोमच्या पोपनाच. एका छोट्याशा टापूत तीन बिशपांच्या हद्दी एकमेकींना टेकलेल्या आहेत. इथे त्यावरून काही वाद नाही, कारण हद्द जमिनीवर आखलेली आहे. नदीच्या या बाजूला राहता म्हणजे या बिशपांचे.

मुंबईत गोंधळ झाला तो याच ठिकाणी. तिथे हद्द जमिनीवर नव्हती, माणसांवर होती.

एका बेटावर दोन मालक

पंधराव्या-सोळाव्या शतकात पोपनी पोर्तुगालच्या राजाला एक मोठा अधिकार दिला होता. पूर्वेकडे चर्च बांधायचे, मिशनरी पाठवायचे, खर्च करायचा आणि त्याबदल्यात बिशप कोण असावेत हे राजाने सुचवायचं. याला पाद्रुआदो म्हणतात, म्हणजे आश्रयदात्याचा हक्क. गोव्याचे आर्चबिशप हे या व्यवस्थेचं इथलं मुख्य ठाणं. वसई, साष्टी, मुंबई हा सगळा पट्टा १५३४ पासून पोर्तुगीजांकडे आला आणि इथल्या गावागावांतले चर्च गोव्याच्या हाताखाली गेले.

पुढे रोमला वाटायला लागलं की पोर्तुगालचा हात सगळीकडे पोहोचत नाही. म्हणून १६२२ मध्ये त्यांनी धर्मप्रसाराचं एक स्वतंत्र खातं काढलं, ज्याचं नाव प्रोपगंडा फिदे. (हो, आपण आज ‘प्रोपगंडा’ म्हणतो तो शब्द इथूनच आलाय.) या खात्याने थेट रोममधून आपले प्रतिनिधी पाठवायला सुरुवात केली. त्यातला एक प्रतिनिधी १६३७ मध्ये नेमला गेला तो आदिलशाहीच्या मुलखासाठी आणि तो होता गोव्यातल्या दिवाडीचा, ब्राह्मण घरातून आलेला माणूस, मातेउश द काश्त्रू. आजच्या मुंबई आर्चडायोसिसची वंशावळ त्याच नेमणुकीपर्यंत मागे जाते. गोव्याच्या आर्चबिशपांना हे किती खुपलं असेल ते सांगायला नको.

पुढे मुंबई इंग्रजांना आंदण गेली, १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली. बेटावरच्या चर्चमध्ये मात्र पोर्तुगीज फ्रान्सिस्कन फादरच होते. आपल्या राज्यात राहून हे शत्रूच्या राजाशी निष्ठा ठेवतात, हा कंपनीला सतत संशय. शेवटी १७२० मध्ये कंपनीने त्यांना बेटावरून घालवलं आणि प्रोपगंडाच्या कार्मेलाईट बिशपांना बोलावून चर्च त्यांच्या हवाली केले. म्हणजे मुंबईतले कॅथलिक कुणाच्या हाताखाली जाणार, हे एका प्रोटेस्टंट व्यापारी कंपनीने ठरवलं. यावर हसावं की रडावं, तुम्हीच बघा.

गोवा गप्प बसणार नव्हता. लिस्बनहून दबाव आला, १७८९ मध्ये कंपनीने चर्च पुन्हा गोव्याकडे दिले. मग कार्मेलाईटांच्या बाजूच्या लोकांनी आरडाओरडा केला, निर्णय पुन्हा फिरला. शेवटी १७९४ मध्ये कंपनीने मधला मार्ग काढला. बेटावर चार मुख्य चर्च होते, दोन यांना, दोन त्यांना. झालं. एकाच शहरात, एकाच धर्माचे, एकच पोप मानणारे लोक दोन बिशपांमध्ये वाटले गेले.

माहीमचा वेढा

ही वाटणी कायम कुरबुरत राहिली. १८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी फर्मान काढून इंग्रजी मुलखातले पाद्रुआदोचे बरेचसे अधिकार काढून घेतले. गोव्याच्या बाजूच्या फादरांनी ते मानलं नाही. राजाला विचारल्याशिवाय असा हुकूम निघूच शकत नाही, हा त्यांचा मुद्दा. मग एकमेकांना बंडखोर म्हणणं, एकमेकांच्या मिस्सा बेकायदा ठरवणं हे सगळं सुरू झालं.

याचा कडेलोट झाला १८५३ मध्ये, माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये. आज बुधवारच्या नोव्हेनासाठी सगळ्या धर्मांची माणसं जिथे रांगा लावतात, तेच हे चर्च. ते तेव्हा प्रोपगंडाच्या बाजूला होतं, पण तिथल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना गोव्याकडे जायचं होतं. प्रोपगंडाचे बिशप होते अनास्तासियस हार्टमन, स्वित्झर्लंडचे कॅपुचिन संन्यासी. चर्च हातचं जातंय हे दिसल्यावर ते स्वतः आपल्या माणसांसह आत जाऊन बसले. बाहेर विरोधी गटाने वेढा दिला. आत बिशप, बाहेर त्यांचेच धर्मबांधव, असा प्रकार जवळपास दोन आठवडे चालला. अखेर सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडून चर्च मोकळं करावं लागलं आणि ते पाद्रुआदोकडे गेलं.

यात धर्मतत्त्वाचा एकही मुद्दा नव्हता. मिस्सा तीच, लॅटिनच, संत तेच. भांडण होतं ते चर्च कुणाचं, फादर कुणी पाठवायचा आणि चर्चला आलेल्या जमिनी-देणग्यांचा हिशोब कुणाकडे, याचं. आणि त्याच्याही खाली एक साधा प्रश्न होता. हे चर्च आमच्या पणजोबांनी बांधलंय, मग आम्हाला न विचारता त्याचं काय करायचं हे दुसरे कोण ठरवणार?

याच काळात वांद्र्यात काय झालं ते बघा. वांद्र्याचं जुनं चर्च सेंट अँड्र्यू, पोर्तुगीज काळातलं, पाद्रुआदोचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्याच हिल रोडवर प्रोपगंडाच्या बाजूच्या लोकांसाठी दुसरं चर्च उभं राहिलं, सेंट पीटर. दोन्हींमधलं अंतर पायी काही मिनिटांचं. पण एका चर्चवरचे बिशप वेगळे, दुसऱ्यावरचे वेगळे. कोण कुठल्या चर्चचा हे घर कुठे आहे यावरून ठरत नसे, कुटुंब कुठल्या गटाचं आहे यावरून ठरे. एका आळीत समोरासमोर राहणारी दोन घरं दोन वेगवेगळ्या धर्मप्रांतांत असू शकत.

विचार करा, लग्न जमवायचं तर काय होत असेल. मुलगा एका बिशपांच्या हाताखाली, मुलगी दुसऱ्या, आणि दोघांची घरं एका हाकेच्या अंतरावर.

१८८६चा तह आणि आणखी वाढलेला गुंता

रोम आणि पोर्तुगाल यांनी १८८६ मध्ये एक करार करून हे मिटवायचा प्रयत्न केला. मुंबईचं आर्चडायोसिस रीतसर स्थापन झालं ते याच वर्षी. पण त्याच करारात पाद्रुआदोसाठी दमणचा वेगळा धर्मप्रांतही तयार झाला आणि मुंबई, साष्टी, वसईतले पाद्रुआदोचे पॅरिश त्याच्याकडे गेले. म्हणजे दोन्ही बाजूंचं समाधान केलं, दुहेरी कारभार मात्र होता तिथेच राहिला. उलट आता त्याला रीतसर शिक्का मिळाला. माझं मत विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सगळ्यात वाया गेलेला तह हाच.

दुसऱ्याच वर्षी, १८८७ मध्ये, इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी स्वतःसाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन काढली. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचं सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे, आपण इथलेच, हे इंग्रज सरकारच्या दरबारी ठसवणं हा त्यामागचा हेतू. सरकारी कागदांत सगळ्यांनाच ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हणून एका पिशवीत टाकलं जायचं, त्याचा हा वैताग होता. चर्चमधली फूट आणि समाजातली ही ओळखीची लढाई एकाच काळात, एकाच वस्त्यांमध्ये चालू होती हे विसरून चालणार नाही.

१९२८: अखेर एक घर

एप्रिल १९२८ मध्ये रोम आणि लिस्बन यांच्यात नवा करार झाला आणि दुहेरी कारभाराचा निकाल लागला. दमणचा धर्मप्रांत मोडला. त्याचे मुंबई, साष्टी, वसईकडचे पॅरिश मुंबई आर्चडायोसिसमध्ये आले. खुद्द दमण आणि दीव गोव्याला जोडले गेले आणि म्हणूनच आजही गोव्याच्या आर्चडायोसिसचं अधिकृत नाव ‘गोवा आणि दमण’ असं आहे. कधी प्रश्न पडला असेल तर उत्तर हे.

आता तुम्ही म्हणाल, यात कुणीतरी काहीतरी मागितलं असेलच. मागितलं ना. अट अशी ठरली की मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने नेमायचे, एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. भारतीय माणसाचं नाव या पाळीत कुठेच नव्हतं. पहिली पाळी पोर्तुगालची, म्हणून १९२८ मध्ये जोआकिम लिमा हे पोर्तुगीज जेझुइट आर्चबिशप झाले. ते १९३६ मध्ये वारले. मग पाळी ब्रिटिशांची, १९३७ मध्ये आले थॉमस रॉबर्ट्स, लिव्हरपूलच्या एका पॅरिशचं काम बघणारे इंग्रज जेझुइट.

रॉबर्ट्स यांनी जे केलं त्याला तोड नाही. इथे काम केल्यावर त्यांचं ठाम मत झालं की या जागेवर भारतीय माणूसच हवा. पण आपण राजीनामा दिला की करारानुसार पुढची पाळी पोर्तुगीजाची येणार. मग त्यांनी रोमकडून भारतीय सहायक बिशप मागून घेतले. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले आणि रॉबर्ट्स मुंबई सोडून निघून गेले, राजीनामा न देता. कारभार ग्रेशियस यांच्या हातात, नाव रॉबर्ट्स यांचं. तोवर देश स्वतंत्र झाला. १८ जुलै १९५० ला रोम आणि पोर्तुगाल यांच्यात पाळीची अट रद्द करणारा करार झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले.

पॅरिशच्या पातळीवर बदल काय झाला? गटावरची हद्द गेली, जमिनीवरची आली. या रस्त्याच्या या बाजूचे या चर्चचे, त्या बाजूचे त्या चर्चचे. वांद्र्यात सेंट अँड्र्यू आणि सेंट पीटर दोन्ही चर्च आजही आहेत, दोन्ही स्वतंत्र पॅरिश आहेत, पण बिशप एकच. म्हणजे हे एकत्रीकरण चर्च पाडून किंवा बंद करून झालं नाही. दोन व्यवस्था एक झाल्या आणि इमारती, सण, बँड, ज्याचं त्याच्याकडे राहिलं. मला वाटतं हे टिकलं त्याचं मुख्य कारण हेच असावं.

इमारत जाते ती बहुतेक वेळा वेगळ्या कारणाने. भुलेश्वरच्या नोसा सेन्योरा द एस्पेरांसा या चर्चला एकेकाळी मुंबईच्या कॅथेड्रलचा मान होता. आसपासची कॅथलिक वस्ती उपनगरांकडे सरकत गेली, चर्च जीर्ण झालं. आज भुलेश्वरात ते नाही आणि कॅथेड्रलचा मान कुलाब्याच्या होली नेमकडे आहे. ती जागा कुठल्या कराराने घालवली नाही. माणसं गेली म्हणून चर्च गेलं.

आज दोन पॅरिश एक करायचे तर नियम काय?

पॅरिश निर्माण करणं, मोडणं किंवा त्यात बदल करणं हा अधिकार फक्त बिशपांचा. मतदान वगैरे काही नसतं. पण धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंच्या परिषदेचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्यांना तो वापरता येत नाही. ऐकणं बंधनकारक, मानणं नाही. निर्णय लेखी द्यावा लागतो आणि त्यात कारणं द्यावी लागतात.

कारणांवर गेल्या काही वर्षांत रोमने बराच कटाक्ष ठेवलाय. ‘आमच्याकडे फादर कमी आहेत’ किंवा ‘पैसे नाहीत’ असं सरसकट कारण देऊन अख्ख्या धर्मप्रांतातले पॅरिश एका झटक्यात एक करता येत नाहीत. प्रत्येक पॅरिशचं स्वतःचं कारण दाखवावं लागतं. २० जुलै २०२० ला व्हॅटिकनने पॅरिशबद्दल जी सूचनापत्रिका काढली, तिचा बराचसा भाग याच विषयावर आहे.

आणि इमारत बंद करायची असेल तर तो निर्णय वेगळा, त्याचा कागद वेगळा. चर्च उपासनेसाठी कायमचं बंद करायला ‘गंभीर कारण’ लागतं, त्या वास्तूवर कायदेशीर हक्क असलेल्यांची संमती लागते आणि नंतर तिचा उपयोग अशोभनीय कामासाठी होता कामा नये अशी अट आहे. बारमध्ये रूपांतर झालेल्या युरोपातल्या चर्चचे फोटो तुम्ही पाहिले असतील, त्यांवरून तिकडे वाद का होतात ते आता लक्षात येईल. (त्यातले सगळेच कॅथलिक नसतात, हेही खरं.)

लोकांना निर्णय पटला नाही तर? दाद मागता येते, पण घड्याळ वेगाने फिरतं. आधी बिशपांकडेच लेखी अर्ज करायचा, निर्णय कळल्यापासून दहा दिवसांत. त्यांनी नकार दिला किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही तर १५ दिवसांत रोमकडे. तिथेही नाही जमलं तर चर्चचं सर्वोच्च न्यायालय, ज्याला सिग्नातुरा म्हणतात. ही मुदत सामान्य माणसाला माहीत नसते आणि इथेच बरीच प्रकरणं पहिल्याच पायरीवर संपतात.

जमीन आणि नोंदवह्या

गावात एकत्रीकरणाची बातमी आली की पहिला प्रश्न जमिनीचा निघतो आणि तो चुकीचा नाही. कॅनन लॉप्रमाणे पॅरिश ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते. दोन एक झाले की दोघांची मालमत्ता, हक्क आणि कर्जं नव्या पॅरिशकडे जातात. पण ज्यांनी देणगी दिली त्यांचा हेतू पाळलाच पाहिजे. समजा एखाद्या कुटुंबाने चर्चला वाडीतला तुकडा दिला तो तिथल्या दफनभूमीसाठी, तर तो विकून दुसरीकडे हॉल बांधता येणार नाही.

याच्या वर आपला देशी कायदा. महाराष्ट्रात चर्चच्या ज्या मालमत्ता सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या नावावर आहेत, त्यांना १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. अशा संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची, गहाण टाकायची किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. दोन विश्वस्त संस्था एक करायच्या असतील तर कलम ५० अ खाली त्यांच्यासाठी योजना करून घ्यावी लागते. म्हणजे बिशपांनी चर्चच्या वहीत पॅरिश एक केले तरी सातबाऱ्यावरचं नाव आपोआप बदलत नाही. हे दोन कागद वेगवेगळ्या टेबलांवरून फिरतात. आपल्या गावच्या चर्चची जमीन नक्की कुणाच्या नावावर आहे, पॅरिशच्या, धर्मप्रांताच्या ट्रस्टच्या की एखाद्या मिशनरी संस्थेच्या, हे भांडणाआधी बघून ठेवलेलं बरं.

नोंदवह्यांचं महत्त्व मात्र लोकांना उशिरा कळतं. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवणं प्रत्येक पॅरिशला बंधनकारक आहे. पुढे लग्न करायचं तर ज्या पॅरिशमध्ये बाप्तिस्मा झाला तिथलाच दाखला लागतो आणि लग्न झाल्यावर त्याची नोंद त्या मूळच्या बाप्तिस्म्याच्या ओळीपुढे केली जाते. पॅरिश मोडला तर वही जळत नाही, नव्या पॅरिशच्या कपाटात किंवा बिशप हाऊसच्या दप्तरखान्यात जाते. पण नेमकी कुठे गेली हे कुणी सांगायला हवं ना. मजूर म्हणून, ऊसतोडीसाठी, नोकरीसाठी गाव सोडलेल्या माणसाने वीस वर्षांनी येऊन विचारलं की माझी नोंद कुठे, तर त्याला दारावरच्या कुलपाखेरीज काहीतरी दिसायला पाहिजे.

बाहेर काय चाललंय

अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये २००४ मध्ये डझनावारी पॅरिश बंद करायचा निर्णय झाला. सिच्युएट नावाच्या गावातले लोक आपल्या चर्चमध्ये जाऊन बसले आणि पाळीपाळीने दिवसरात्र तिथेच राहिले. रोमपर्यंत दाद मागितली, देशाच्या न्यायालयांत गेले, सगळीकडे हरले. ठिय्या उठला तो २०१६ मध्ये, ११ वर्षांहून जास्त काळानंतर. आपल्या माहीमचा वेढा त्यापुढे काहीच नाही.

जर्मनीतल्या ट्रिअर धर्मप्रांताने ८८७ पॅरिशचे ३५ करायची योजना आखली होती. एवढ्या मोठ्या पॅरिशला पॅरिश म्हणायचं तरी कसं, अशी तक्रार काही धर्मगुरू आणि लोकांनी रोमकडे केली आणि रोमने ती योजना थांबवली. २०२४ मध्ये बाल्टिमोर शहराच्या भागात ६१ पॅरिशचे २३ झाले. तिकडे कारण बहुतेक सारखंच, वस्ती पांगली, रविवारी बाकं रिकामी, छप्परं गळतात.

आणि मराठवाड्यात?

इथे चित्र बरोबर उलटं आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या साधारण १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही किंचित कमी, आणि त्यातले बहुतेक मुंबई, ठाणे, वसई, पुणे, नगर या बाजूला. त्यातही कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन्ही. मराठवाड्यातल्या एका कॅथलिक पॅरिशची हद्द आधीच इतकी मोठी असते की त्यात आणखी एखादा पॅरिश मिसळायची वेळ सहसा येत नाही. मुख्य गावात चर्च, फादर आणि बहुधा एक शाळा, बाकीच्या गावांत कुणाच्या ओसरीत, कुठे छोट्या प्रार्थनाघरात मिस्सा, तीही फादर येतील त्या दिवशी. नागपूर, मग अमरावती, मग औरंगाबाद अशी इथे फक्त वाटणी होत गेली आहे. पश्चिमेकडे वसईचंही तेच झालं, १९९८ मध्ये तो मुंबईतून वेगळा धर्मप्रांत झाला.

पण वाटणीतही तेच प्रश्न येतात, फक्त उलट्या बाजूने. मालमत्ता वाटायची कशी, कर्ज कुणाकडे, जुन्या वह्या मूळ पॅरिशकडे राहणार की नव्याकडे जाणार. कायदा सांगतो की न्याय्य प्रमाणात वाटा. प्रमाण कुणी ठरवायचं, यावर बैठकीत रात्र जाते.

इथे एक घोळ अनेक जण करतात, तो सांगून ठेवतो. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन, बाप्टिस्ट वगैरे सहा प्रोटेस्टंट पंथ एक झाले. ते पंथांचं एकत्रीकरण होतं, त्यात कॅथलिक नव्हते. आपल्या गावच्या चर्चबद्दल कुणी ‘विलीनीकरण झालं होतं’ म्हणालं तर आधी कुठलं ते विचारा, कारण त्यावरून जमिनीचे कागद शोधायची जागाच बदलते.

आपला पॅरिश शेजारच्याला जोडला जातोय असं कानावर आलंच, तर धावपळ करण्याआधी बिशपांच्या निर्णयाची लेखी प्रत मागा आणि तिच्यावरची तारीख बघा. दहा दिवस निर्णय कळल्यापासून मोजायचे असतात. जमिनीचा उतारा आणि ट्रस्टची नोंद काढा. आणि बाप्तिस्म्याच्या वह्या कुठल्या कपाटात जाणार, त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असणार, हे फादरांकडून कागदावर लिहून घ्या.